जनरल लॅव्हेल यांचे दोन तारे

जानेवारी 1972. थायलंडमधल्या उडॉर्न हवाई तळावर टेहळणीचं एक फॅन्टम विमान उतरलं. उत्तर व्हिएतनामवरून फेरी मारून आलेले दोघे वैमानिक नेहमीप्रमाणे डीब्रीफिंगच्या टेबलापाशी आले. समोर गुप्तवार्ता विभागातला तेवीस वर्षांचा सार्जंट बसला होता, लॉनी फ्रँक्स. त्याचं काम साधं, कारकुनी वळणाचं होतं. कुठे गेलात, काय पाहिलंत, शत्रूने गोळीबार केला का, हे विचारायचं आणि ठरलेल्या फॉर्मवर उतरवून घ्यायचं. वैमानिक म्हणाले, खालून काहीच आलं नाही. पण लिहायचं मात्र ‘आलं’ असं.

फ्रँक्सला वाटलं आपली ऐकण्यात चूक झाली असेल. त्याने पुन्हा विचारलं. उत्तर तेच. मग काय आलं म्हणून लिहू? काहीतरी लिही, पटेल असं. तो वरिष्ठांकडे गेला, वरिष्ठांनी आणखी वर विचारलं, आणि उत्तर फिरून तेच आलं. वरून तसंच सांगितलंय.

ज्यांनी कधी सरकारी दप्तरात काम केलंय त्यांना या प्रसंगात नवल वाटणार नाही. जागेवर न जाता लिहिलेला पंचनामा, खुर्चीत बसून भरलेली तपासणीची नोंदवही, हे आपल्याकडे घरोघरी ऐकलेलं आहे. फरक एवढाच, की फ्रँक्सच्या त्या फॉर्मचं दुसरं टोक दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव इथल्या एका चार ताऱ्यांच्या जनरलच्या टेबलापर्यंत जात होतं, आणि तिथून पुढे व्हाइट हाउसपर्यंत. या प्रकरणात खुर्ची मात्र एकाच माणसाची गेली. त्याचं नाव जनरल जॉन डॅनियल लॅव्हेल.

चार ताऱ्यांपर्यंत

लॅव्हेल यांच्या कारकिर्दीचा पहिला मोठा भाग झटकन सांगून होण्यासारखा आहे. सचोटीने, नीट पायऱ्या चढत गेलेल्या अधिकाऱ्याची ती कारकीर्द आहे, आणि अशा कारकिर्दीत गोष्ट कमी असते. जन्म 1916, ओहायोतल्या क्लीव्हलँडचा. तिथल्याच जॉन कॅरोल विद्यापीठातून 1938 साली पदवी, मग कॅडेट म्हणून भरती, 1940 मध्ये कमिशन. दुसऱ्या महायुद्धात युरोपात लढाऊ विमानाचं वैमानिकपण केलं. कोरियन युद्धाच्या काळात जपानमधल्या ताचिकावा तळावर पुरवठा डेपो सांभाळला. पुढे पेंटागॉन, पुढे युरोप, 1966 मध्ये जर्मनीत सतराव्या हवाई दलाचं नेतृत्व.

त्यानंतरची नेमणूक मात्र लक्षात ठेवावी अशी. ‘डिफेन्स कम्युनिकेशन्स प्लॅनिंग ग्रुप’ असं मुद्दाम कंटाळवाणं नाव दिलेली ती संस्था प्रत्यक्षात ‘मॅकनमारा लाइन’ उभारत होती. हो ची मिन्ह मार्गावर, म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या दक्षिणेकडच्या रसदवाटेवर, जंगलात विमानातून हजारो संवेदक टाकायचे, ट्रक गेला की जमिनीची थरथर आणि आवाज त्यांनी टिपायचा, तो संदेश थायलंडमधल्या संगणकांपर्यंत पोचवायचा आणि मग विमानं पाठवायची, असा तो प्रचंड खर्चाचा उद्योग. लॅव्हेल त्याचे प्रमुख होते. म्हणजे यंत्राने दिलेली माहिती खरी की खोटी, तिच्यावर बाँब टाकायचा की नाही, या प्रश्नाशी त्यांचा रोजचा संबंध होता.

1970 मध्ये ते हवाई बेटांवरच्या पॅसिफिक हवाई दलाचे उपप्रमुख झाले, आणि ऑगस्ट 1971 मध्ये चौथा तारा लावून सायगावला आले. सातव्या हवाई दलाचे सेनापती. मुख्यालय तान सोन न्युट विमानतळावर. आपल्या हवाई दलाच्या भाषेत सांगायचं तर चार तारे म्हणजे एअर चीफ मार्शल. आपल्याकडे तो मान एका वेळी एकाच सेवारत माणसाला मिळतो, अमेरिकेत अशी पदं बरीच असतात. आणि तिथे एक बारीक अट असते, ती पुढे कामाला येणार आहे: तीन आणि चार तारे माणसाला मिळत नाहीत, खुर्चीला मिळतात. खुर्ची गेली की माणूस आपल्या कायम हुद्द्यावर, म्हणजे दोन ताऱ्यांच्या मेजर जनरलवर परत येतो. वरच्या हुद्द्यावर निवृत्त व्हायचं असेल तर त्यासाठी सिनेटची वेगळी मंजुरी लागते.

‘संरक्षणात्मक प्रत्युत्तर’

आता तो नियम, ज्याच्याभोवती सगळं फिरलं. 1 नोव्हेंबर 1968 पासून अमेरिकेने उत्तर व्हिएतनामवरचे बाँबहल्ले थांबवले होते. टेहळणीची उड्डाणं मात्र चालू होती, आणि त्यांच्याबरोबर संरक्षणाला लढाऊ विमानं जात. त्या विमानांवर खालून मारा झाला, किंवा क्षेपणास्त्राच्या रडारने त्यांच्यावर नेम धरला, तरच उलटून मारायची मुभा. याला नाव दिलं होतं ‘संरक्षणात्मक प्रत्युत्तर’. आधी त्याने, मग आपण. शाळेतल्या भांडणात मुलं सांगतात तसं.

कागदावर हा नियम स्वच्छ आहे. 1971 च्या उत्तरार्धात तो तसा राहिला नाही, आणि त्याचं कारण राजकीय नव्हतं, तांत्रिक होतं. या प्रकरणावर लिहिणारे बहुतेक लोक हा भाग दोन ओळींत उरकतात; मला मात्र खरी मेख इथेच दिसते.

सोव्हिएत बनावटीच्या सॅम, म्हणजे जमिनीवरून विमानावर सुटणाऱ्या, क्षेपणास्त्राला नेम धरायला ‘फॅन साँग’ नावाचं रडार लागे. ते सुरू झालं की त्याच्या लहरी अमेरिकन विमानातलं यंत्र पकडे आणि वैमानिकाच्या कानात विशिष्ट आवाज वाजे. तो आवाज म्हणजे इशारा होता आणि नियमाच्या भाषेत परवानाही होता. रडारने नेम धरला, आता मारायला हरकत नाही. पण हे रडार चालू ठेवण्यात उत्तर व्हिएतनामींचाही तोटा होता, कारण ते चालू झालं की त्याचा ठावठिकाणा उघडा पडे. मग त्यांनी शक्कल लढवली. लांब पल्ल्याची, इशारा देणारी जी ‘बार लॉक’ रडारं सतत चालूच असत, त्यांची माहिती त्यांनी क्षेपणास्त्रांच्या तळांना जोडून दिली. विमान कुठे आहे, किती उंचीवर आहे, कुठल्या दिशेने येतंय हे सगळं मोठ्या रडारकडून आयतं मिळू लागलं. फॅन साँग अगदी शेवटच्या क्षणी चालू केलं तरी पुरे. कानातला आवाज आणि समोर येणारं क्षेपणास्त्र यांच्यामध्ये वैमानिकाच्या हातात राहिली ती फक्त काही सेकंदं.

लॅव्हेल यांचा युक्तिवाद यातून जन्मला, आणि तो खोडून काढायला सोपा नाही. सगळी रडारं एकमेकांना जोडलेली असतील तर विमान सीमेपलीकडे गेल्या क्षणापासून शत्रूची अख्खी यंत्रणा त्याच्यावर ‘चालू’ आहेच. म्हणजे नियमातली अट पहिल्या मिनिटालाच पुरी होते. मग गोळी येण्याची वाट कशाला पाहायची? आपली पोरं मरेपर्यंत थांबायचं का?

पोरं मरत होती, हेही खरं. नोव्हेंबरमध्ये लाओसवर एका मिग-21 ने बी-52 या अमेरिकन बाँबफेकी विमानावर क्षेपणास्त्र सोडलं. डिसेंबरमध्ये फॅन्टम विमानं पडली. आपल्याकडे त्याच महिन्यात वर्तमानपत्रांची पानं ढाका आणि चौदा दिवसांच्या लढाईने भरून गेली होती, त्यामुळे व्हिएतनाममध्ये त्या डिसेंबरात काय शिजत होतं याकडे इथल्या वाचकाचं फारसं लक्ष गेलं नसावं. उत्तर व्हिएतनाम दक्षिणेच्या सीमेलगत रणगाडे, तोफा, इंधन जमवत होता. वसंतात मोठं आक्रमण येणार हे सायगावमध्ये सगळ्यांना दिसत होतं. खुद्द वॉशिंग्टननेच 26 ते 30 डिसेंबर असे पाच दिवस उत्तरेत हजारावर उड्डाणांची उघड मोहीम मंजूर केली होती. ती संपली आणि पुन्हा जुना नियम लागू. आधी त्याने, मग आपण.

त्याच डिसेंबरात संरक्षणमंत्री मेल्व्हिन लेअर्ड सायगावला येऊन गेले. लॅव्हेल पुढे सांगत राहिले की मंत्र्यांनी त्यांना नियमाचा अर्थ सैल हाताने लावायला सांगितलं होतं. लेखी काही नाही, बोलण्यात. पस्तीस वर्षांनी, 2007 मध्ये, लेअर्ड यांनी एका नियतकालिकाला पत्र लिहून हे मान्य केलं. पण ते 2007 मध्ये. 1972 मध्ये त्यांनी ते मोठ्याने म्हटलं नाही.

नोव्हेंबर 1971 ते मार्च 1972 या चार महिन्यांत लॅव्हेल यांच्या विमानांनी अशा ठरवून केलेल्या 28 मोहिमा केल्या, 147 उड्डाणांच्या. लक्ष्यं म्हणजे विमानतळ, क्षेपणास्त्रांचे तळ, रडार, काही ठिकाणी ट्रक आणि साठे. त्या युद्धात हवाई दल ज्या प्रमाणात उडत होतं, त्यात हा आकडा म्हणजे दर्यामे खसखस. लॅव्हेल यांचे बचावकर्ते हा मुद्दा हमखास काढतात. मला तो गैरलागू वाटतो. प्रश्न किती बाँब पडले हा नव्हताच.

एक वाक्य सायगावमध्ये

प्रश्न होता त्या फॉर्मचा. मोहिमेनंतर जो अहवाल पाठवायचा त्याला ‘ऑपरेप-4’ म्हणत. त्यात शत्रूच्या प्रतिक्रियेसाठी जागा होती. तिथे ‘काही नाही’ लिहिलं की झालं. पण ‘मारा झाला’ असं लिहिलं की पुढचे रकाने आ वासून उभे राहतात: कोणत्या प्रकारचं हत्यार, कुठून, किती वाजता, किती फैरी. एक खोटा शब्द लिहिला की त्याला जगवायला आणखी चार खोटे शब्द लागतात, आणि ते लिहिणारा हात सार्जंटचा असतो. जनरलला रकाने भरावे लागत नाहीत.

लॅव्हेल यांच्या साक्षीतून पुढे आलं ते असं. जानेवारीत एका मोहिमेनंतर वैमानिकाकडून कळलं की बाँब टाकले, काम फत्ते, शत्रूची प्रतिक्रिया नाही. त्यावर लॅव्हेल आपल्या अधिकाऱ्यांना म्हणाले, ‘प्रतिक्रिया नाही’ असं आपल्याला कळवता येणार नाही. एवढंच वाक्य. त्यांच्या मनात काय होतं? त्यांनी सांगितलं, रडारं जोडलेली असल्यामुळे प्रतिक्रिया असतेच, तेव्हा रडारची प्रतिक्रिया अशी खरी नोंद करा, एवढाच आपला अर्थ होता. वाक्य खाली उतरलं. मोहिमांचे प्रमुख मेजर जनरल ऑल्टन स्ले यांच्याकडून वेगवेगळ्या तळांवरच्या विंगच्या, म्हणजे मोठ्या विमानतुकड्यांच्या, प्रमुखांकडे, तिथून स्क्वॉड्रनकडे, तिथून टेबलाकडे. टेबलापाशी पोचेपर्यंत त्याचं ‘गोळीबार झाला असं लिहा’ झालं होतं.

मराठी माणसाला इथे 1773 आठवल्याशिवाय राहत नाही. ‘धरावे’चं ‘मारावे’ कोणी केलं, याची आख्यायिका आपण अडीचशे वर्षं सांगतो आहोत. शनिवारवाड्यातल्या त्या चिठ्ठीत निदान एक अक्षर बदलावं लागलं, असं आपण मानतो. सायगावमध्ये काहीच खोडावं लागलं नाही. मूळ वाक्यच असं होतं की ऐकणाऱ्याने त्यात हवा तो अर्थ भरावा. आणि माझं मत विचाराल तर, तीस-बत्तीस वर्षं हुकूम देण्यात घालवलेल्या माणसाला आपलं वाक्य खाली जाताना कसं बदलतं हे माहीत नसेल, हे मला पटत नाही. ‘खोटं लिहा’ असं ते म्हणाले नाहीत, हे मी मान्य करतो. ‘खोटं लिहू नका’ असंही ते म्हणाले नाहीत.

दुसरी बाजूही सांगायला हवी. लॅव्हेल यांच्या हाताखालचे विंगप्रमुख काही पोरसवदा नव्हते. उडॉर्नच्या विंगचे प्रमुख कर्नल चार्ल्स गॅब्रिएल होते. त्यांच्यापैकी कोणी सायगावला फोन करून ‘साहेब, नेमकं काय लिहायचं ते लेखी द्या’ म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच थांबलं असतं. कोणी म्हटलं नाही. वरच्याने तोंडी सांगायचं, मधल्याने समजून घ्यायचं, खालच्याने लिहायचं, अळीमिळी गुपचिळी.

आयोवाला गेलेलं पत्र

फ्रँक्सने मात्र गिळलं नाही. मला त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघायला आवडतं, आणि प्रामाणिकपणे सांगतो, मी लिहिलं असतं जे सांगितलं ते, आणि संध्याकाळी मेसमध्ये बसून कुरकुर केली असती. तो काही आठवडे ते अहवाल भरत राहिला. त्याला सलत असलेली गोष्ट बाँबहल्ल्यांची नव्हती. अहवाल गुप्त होते. ज्यांच्यावर बाँब पडले त्या उत्तर व्हिएतनामींना सगळं माहीत होतंच. मग हे लपवायचं कोणापासून? उरतात ते फक्त आपलेच वरिष्ठ.

फेब्रुवारी 1972 च्या शेवटच्या आठवड्यात, ज्या आठवड्यात राष्ट्राध्यक्ष निक्सन चीनमध्ये माओंशी हस्तांदोलन करत होते, त्याने आपल्या राज्याचे, आयोवाचे, सिनेटर हॅरॉल्ड ह्यूज यांना पत्र लिहिलं. ह्यूज यांनी ते सिनेटर स्टुअर्ट सिमिंग्टन यांच्याकडे दिलं, त्यांनी हवाई दलाचे प्रमुख जनरल जॉन रायन यांच्याकडे. रायन यांनी महानिरीक्षक लेफ्टनंट जनरल लुइस विल्सन यांना सायगावला धाडलं. विल्सन तळांवर गेले, अहवाल चाळले, वैमानिकांना विचारलं. सार्जंट खरं बोलत होता.

23 मार्चला लॅव्हेल यांना वॉशिंग्टनला परत बोलावलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात छोटीशी घोषणा झाली की जनरल लॅव्हेल वैयक्तिक आणि प्रकृतीच्या कारणांसाठी निवृत्त होत आहेत.

प्रकृती! सरकारी कागदात माणसाची प्रकृती नेमकी नको त्या वेळी बिघडते.

आणि त्यांना परत बोलावल्यानंतर एकच आठवड्याने, 30 मार्चला, उत्तर व्हिएतनामचं ते बहुप्रतीक्षित आक्रमण झालं. मे महिन्यात ‘लाइनबॅकर’ मोहीम सुरू झाली, हनोईच्या आसपास दिवसाढवळ्या बाँब पडू लागले, आणि शत्रूची प्रतिक्रिया झाली की नाही हा रकाना भरण्याची कोणाला गरजच उरली नाही. लॅव्हेल यांची जागा घेणारे जनरल जॉन व्होग्ट यांच्याकडे आता जवळजवळ मोकळं रान होतं.

समित्यांपुढे

प्रकरण दाबलं जायचं, पण अमेरिकन संसदेचे, म्हणजे काँग्रेसचे, सदस्य ओटिस पाइक यांनी त्या ‘प्रकृती’वर विश्वास ठेवला नाही. 12 जून 1972 ला प्रतिनिधी सभागृहाच्या उपसमितीपुढे रायन यांना सांगावं लागलं की लॅव्हेल यांना कामातल्या अनियमिततांमुळे हटवलं होतं. लॅव्हेलही आले. सेनापती मी होतो, जबाबदारी माझी, असं त्यांनी सांगितलं. नियमांचा अर्थ मी फार सैल लावला असेन, हेही. पण वरच्यांना हे ठाऊक होतं का, या प्रश्नावर त्यांचं म्हणणं ठाम होतं. सायगावमधले आपले वरिष्ठ जनरल क्रेटन एब्रॅम्स यांना मोहिमांची माहिती होती, असं ते म्हणाले.

सप्टेंबरमध्ये सिनेटच्या समितीने तोच विषय पुन्हा उगाळला. अध्यक्ष जॉन स्टेनिस. फ्रँक्सची साक्ष झाली, लॅव्हेल यांची झाली, एब्रॅम्स यांची झाली, संयुक्त सेनाप्रमुखांचे अध्यक्ष ॲडमिरल टॉमस मूरर यांची झाली. एब्रॅम्स यांची भूसेनाप्रमुखपदाची नेमणूक याच समितीपुढे अडून होती, आणि ही चौकशी संपेपर्यंत ती अडूनच राहिली. साक्षी परस्परांशी जुळल्या नाहीत. मोहिमा माहीत होत्या पण त्या नियमबाह्य आहेत हे माहीत नव्हतं, अशा तऱ्हेची ती नरो वा कुंजरो वा उत्तरं.

हवाई दलाने लॅव्हेल यांना लेफ्टनंट जनरल म्हणून, म्हणजे तीन ताऱ्यांवर निवृत्त करावं असा प्रस्ताव होता. समितीने ऑक्टोबरमध्ये तो 14 विरुद्ध 2 मतांनी फेटाळला. आता ती बारीक अट लागू झाली. मंजुरी नाही, म्हणजे कायम हुद्दा: मेजर जनरल. चार तारे लावून सायगावला गेलेला माणूस दोन तारे घेऊन घरी आला. अमेरिकी सैन्यात ही जवळजवळ न ऐकलेली गोष्ट होती. गंमत म्हणजे पेन्शन मात्र चार ताऱ्यांच्या हिशेबाने मिळालं, कारण पेन्शनचा कायदा वेगळा आणि हुद्द्याचा वेगळा. हवाई दलातल्याच एका तरुण लेफ्टनंटने त्यांच्यावर कोर्टमार्शलसाठी आरोप दाखल केले होते. तेही त्याच ऑक्टोबरमध्ये काढून टाकण्यात आले.

बाकीच्यांचं काय झालं, तेही सांगून टाकतो. एब्रॅम्स भूसेनाप्रमुख झाले. महानिरीक्षक विल्सन यांना चार तारे मिळाले. स्ले यांना चार तारे मिळाले. उडॉर्नच्या विंगचे उपप्रमुख जेरोम ओमॅली यांना चार तारे मिळाले. आणि विंगप्रमुख गॅब्रिएल 1982 मध्ये अमेरिकी हवाई दलाचे प्रमुख झाले. यातल्या कोणावर काही सिद्ध झालं असं मी म्हणत नाही. पण ज्या तळावरून पत्र गेलं त्या तळाच्या प्रमुखाची खुर्ची कुठपर्यंत गेली आणि सायगावच्या प्रमुखाची कुठे, हे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे.

टेप

लॅव्हेल 10 जुलै 1979 ला वारले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना पुरलं. आपण अधिकाराबाहेर काही केलं नाही, हे ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. मागे पत्नी आणि सात मुलं होती, आणि तेही हेच म्हणत राहिले.

मग निक्सन यांच्या कार्यालयातल्या संभाषणांच्या टेप हळूहळू खुल्या होत गेल्या. हवाई दलातले निवृत्त लेफ्टनंट जनरल अलॉयशियस केसी आणि त्यांचा मुलगा पॅट्रिक यांनी त्या ऐकून 2007 मध्ये जे प्रसिद्ध केलं, त्याने सगळं प्रकरण पुन्हा उघडलं.

3 फेब्रुवारी 1972 ची टेप. ओव्हल ऑफिसात निक्सन, त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर आणि सायगावमधले राजदूत एल्सवर्थ बंकर. सॅम तळांवर मारा करायची मुभा एब्रॅम्स यांना हवी आहे, असा विषय निघतो. निक्सन म्हणतात, सॅम तळांच्या बाबतीत संरक्षणात्मक प्रत्युत्तराचा अर्थ वाढवा, आधीच मारणं हेही त्यात धरा. पण बाहेर काही बदललंय असं दिसता कामा नये, सगळ्याला प्रत्युत्तरच म्हणायचं. आणि मग ते वाक्य, ज्याचा आशय असा: त्यांनी गोळ्या झाडल्या नाहीत, असं सांगणार कोण?

सांगणारा होता. त्या संभाषणानंतर तीनेक आठवड्यांनी त्याने पत्र लिहिलं.

जूनमधल्या टेप तर अधिक बोलक्या आहेत. लॅव्हेल यांच्यावर वर्तमानपत्रांत गदारोळ चालू असताना निक्सन किसिंजरना सांगतात की याचा बळीचा बकरा होऊ नये. आपणच त्याला यात ढकललं आणि आता त्याच्या नावाला काळं फासायचं, हे मला बरं वाटत नाही. किसिंजर म्हणतात, आक्रमक पावलं आपल्याला हवी आहेत असं समजायला लॅव्हेल यांच्याकडे कारण होतं. निक्सन दुजोरा देतात. आणि 29 जूनच्या पत्रकार परिषदेत तेच निक्सन जाहीरपणे सांगतात की या हल्ल्यांना अधिकार नव्हता आणि त्यांना हटवून निवृत्त करणं योग्यच होतं. राष्ट्राध्यक्षाला बरं वाटलं नाही, यात शंका नाही. बरं न वाटण्यापलीकडे त्यांनी काही केलं नाही.

टेप वाचून लॅव्हेल निर्दोष ठरले असा निष्कर्ष अनेकांनी काढला. मी तिथपर्यंत जात नाही, आणि त्याचं कारण तारखा आहेत. लॅव्हेल यांच्या मोहिमा नोव्हेंबरमध्ये सुरू झाल्या. निक्सन यांचं ते बोलणं फेब्रुवारीतलं. निक्सन बोलत होते सॅम तळांबद्दल; लॅव्हेल यांच्या लक्ष्यांत विमानतळ आणि ट्रकही होते. राष्ट्राध्यक्षांच्या मनात काय आहे हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. पण साहेबाच्या मनातलं ओळखणं म्हणजे हुकूम मिळणं नव्हे. आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत ‘साहेबांना काय हवं ते मला कळतं’ म्हणणारा एक माणूस असतो. तो सगळ्यांत कामाचा असतो आणि चौकशी लागली की सगळ्यांत आधी तोच सापडतो, कारण साहेबांची सही कुठेच नसते.

2010

कुटुंबाने टेपच्या आधारे अर्ज केला. लष्करी नोंदी दुरुस्त करणाऱ्या हवाई दलाच्या मंडळाने 2009 मध्ये कौल दिला की लॅव्हेल यांनी खोटे अहवाल लिहायला लावले याला पुरावा नाही, आणि ही फसवणूक कळल्यावर ती थांबवायला त्यांनी पावलं उचलली. संरक्षण खात्याने मान तुकवली. 4 ऑगस्ट 2010 ला राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी मृत्यूपश्चात पूर्ण जनरलचा हुद्दा द्यावा म्हणून त्यांचं नाव सिनेटकडे पाठवलं. त्यांच्या पत्नी तेव्हा नव्वदी ओलांडून गेल्या होत्या. बातम्या अशा आल्या की जणू तारे परत मिळालेच.

पण तो प्रस्ताव पुन्हा त्याच समितीपुढे गेला, सिनेटच्या सशस्त्र सेना समितीपुढे, जिथे 1972 मध्ये 14 विरुद्ध 2 झालं होतं. आता अध्यक्ष होते कार्ल लेव्हिन आणि विरोधी बाजूचे प्रमुख होते जॉन मॅकेन. लॅव्हेल सायगावला असताना त्या सगळ्या प्रशांत महासागरी विभागाचे सरसेनापती ॲडमिरल जॉन मॅकेन होते, या मॅकेन यांचे वडील. आणि हे मॅकेन स्वतः त्या वेळी हनोईच्या तुरुंगात युद्धकैदी होते. इतकी गुंतागुंत कादंबरीत घातली असती तर संपादकाने काटली असती.

समितीने जुन्या साक्षी काढल्या, टेप तपासल्या. डिसेंबरमध्ये त्यांनी कळवलं की नव्या कागदांचा आणि 1972 च्या साक्षींचा मेळ बसत नाही, तेव्हा आणखी स्पष्टीकरण हवं. ते न मिळताच सत्र संपलं आणि नामांकन परत गेलं. पुन्हा ते पाठवलं गेलं नाही. सिनेटच्या दप्तरी जॉन लॅव्हेल आजही दोनच ताऱ्यांचे आहेत.